राहिलेला ववसा

४ जानेवारी, मिरज

आज चौघंही हॉस्पिटलमध्ये दाखल झालो.

एकदा सगळं नीट लिहून ठेवते. यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सैन्यातून सुभेदार होऊन घरी आले आणि वर्षाच्या आत डायलिसिसच्या खुर्चीत बसले. मी माझी एक द्यायला तयार होते. रक्तगट जुळला नाही. कवठे महांकाळकडच्या एका वाडीतल्या नानासोंचंही तेच. मेंढरं आहेत त्यांची, थोडं डाळिंब. बायको हरणाबाई द्यायला तयार, पण रक्तगट वेगळा. तिचा यांना चालतो आणि माझा नानासोंना. म्हणून तिची यांना, माझी त्यांना. कायद्याला मान्य आहे. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीने दोन्ही जोडप्यांना समोर बसवून विचारलं.

डॉक्टरांनी हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई देवापुढे साखर ठेवायला उठल्या. आत्या म्हणते मी त्यांना. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे माझी यांना नाही?

"मॅडम, तुमच्यामुळेच तर त्यांना मिळतेय."

बरोबर आहे.

समितीपुढे साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं देताय ना? मी हो म्हणाले. हरणाबाई म्हणाली, "खुशी कसली, सायेब. मालक जगाय पायजेत." सगळे हसले. साहेबांनी तिला पाणी मागवलं. आपल्याला असं का सुचलं नाही, असं तिथे बसल्या बसल्या वाटत राहिलं.

चारही ऑपरेशनं एकाच वेळी करणार आहेत. एकीने आधी दिली आणि दुसरीचं मन फिरलं, असं होऊ नये म्हणून. यांना फार मजा वाटली. "बॉर्डरवर कैदी बदलत्यात तसं हाय ह्ये. एकाच टायमाला दोन्हीकडनं सोडायचं."

मी हसले नाही. चौदा वर्षं यांच्याबरोबर काढली. त्यातली निम्मी हे सीमेवर आणि मी कोरेगावला शाळेत भूगोल शिकवत. आता कुठे एका घरात आलो. आणि यांच्या आत कुणी जायची वेळ आली तर दुसरी बाई जाणार.


७ जानेवारी

काल झालं.

कापलं कुशीत, दुखतो खांदा. पोटात भरलेली हवा वर चढते, नर्स म्हणाली. शेजारच्या पलंगावर हरणाबाई. तिला विचारलं, खांदा दुखतो का? म्हणाली, "न्हाई." मग मीही नर्सला सांगितलं की आता थांबलाय.

दोन्ही किडन्या टेबलावरच चालू झाल्या. नानासोंची तर नळ सोडल्यासारखी, असं नर्स म्हणाली. ती माझी. मी हरणाबाईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.


९ जानेवारी

पहिल्यांदा चालत वर गेले. दुसऱ्या मजल्यावर काचेच्या दोन खोल्या आहेत, शेजारी शेजारी. आत कुणाला सोडत नाहीत. कॉरिडॉरमध्ये दोन खिडक्या आणि प्रत्येक खिडकीशी एक फोन. पहिली खिडकी यांची.

हे उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावरची सूज उतरली आहे. इतक्या महिन्यांत प्रथमच हनुवटी दिसली. मी काचेला हात लावला. यांनी फोन उचलला.

"हरणाबाईचं कसं हाय? ताप-बिप न्हाई ना?"

"नाही."

"जेवती का?"

"जेवते."

"आन तू?"

मी म्हणाले, मीही.

यांनी पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, पांघरुणावर हलकेच हात ठेवला. नवी तिथे बसवतात. जुन्या दोन तशाच मागे ठेवतात, काढत नाहीत. "हरणाबाईनं रात्रभर झोपू दिलं न्हाई बघ," हे म्हणाले. "पिशवी बदलून बदलून नर्स दमली."

मला समजायला वेळ लागला. किडनीचं नाव ठेवलंय यांनी.

संध्याकाळी आत्या गावाहून आल्या. आधी हरणाबाईच्या पलंगाकडे गेल्या. तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "माज्या शंभूला जीव दिलास गं माजे बाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दीपे, पडून ऱ्हाऊ नगंस. उठून बसत जा. अंग धरतं."

दोन कप्प्यांच्या डब्यात शिरा आणला होता. काजू वरच्या कप्प्यात होते. वरचा कप्पा हरणाबाईला मिळाला.


१० जानेवारी

हे आज म्हणाले, "हरणाबाई लय गुणाची. टायमाला हजर." रिपोर्ट उत्तम आहे. मला आनंद झाला. आनंद झाला असं लिहिते आहे कारण तो झाला होता, फक्त फोन खाली ठेवेपर्यंत टिकला नाही.

दुसरी खिडकी दोन पावलांवर आहे. जायचं ठरवलं नव्हतं.

नानासो म्हणजे नुसती मिशी आणि हाडं. मला पाहून त्यांनी आधी दोन्ही हात जोडले, मग फोन घेतला.

"ताई, तुमची ठेव जपून हाय बगा."

"कशी आहे?"

"कशी म्हंजे? तासाला तांब्या भरती. मी नर्सबाईला म्हणलं, डाळिंबाला सोडा की पाणी. दोन वर्सं दुष्काळ काढलाय आमी."

हसताना टाके ओढले. तरी हसले.

जाताना नर्सला नानासोंचा आकडा विचारला. क्रिएटिनिन यांच्यापेक्षा कमी आहे. कमी असणं चांगलं. जिना उतरताना कठडा धरायची गरज वाटली नाही.


११ जानेवारी

सकाळी वर गेले तेव्हा दुसऱ्या खिडकीशी हरणाबाई उभी होती. काचेला अगदी चिकटून, मधोमध. मी मागे थांबले. तिने पाहिलं, सरकली नाही. फोनवर काही बोलतही नव्हती. एवढी मोठी काच, दोघींना सहज पुरली असती. वाडीवस्तीवरच्या माणसांना अशा ठिकाणी कसं वागायचं ते माहीत नसतं.

नानासोंनी तिच्या खांद्यावरून मला हात केला. तिने मागे वळून पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून पुन्हा तशीच उभी राहिली.


१२ जानेवारी

आम्हा दोघींना घरी सोडलं. घरी म्हणजे हॉस्पिटलसमोरच्या भाड्याच्या खोलीत. दोन बुटके लोखंडी पलंग, एक गॅस. आत्या खाली झोपतात. हरणाबाईचं कुणी थांबायला नाही. दीर मल्हार मेंढरांमागे आहे. "ती आपल्याजवळच ऱ्हाईल," असं आत्यांनी मला न विचारता सांगून टाकलं. मी नाही म्हणाले नसते. पण विचारलं नाही.

आत्यांच्या पिशवीतून मीठ काढताना एक साडी दिसली. इरकली, हिरवी, लाल काठाची. कोऱ्या साडीला वास असतो. तो खोलीभर झाला. पिशवीत दुसरी आहे का, ते पाहिलं. नव्हती.


१४ जानेवारी

संक्रांत.

आत्यांनी सकाळी हरणाबाईला पाटावर बसवलं. वाकता येत नाही म्हणून पाट भिंतीला लावला. कुंकू लावलं, नारळ, तांदूळ, हिरवी साडी. आत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गॅसवर दूध तापत ठेवलं होतं आणि तिथून हलता येत नव्हतं.

हरणाबाई म्हणाली, "आत्या, मॅडमची बी भरा की वटी. त्यांनी बी दिलीया."

"ती कुठं जातीया? घरची हाय ती. घरच्या माणसाचं काय अडतंय?"

मला आत्यांचा राग आला. त्याहून जास्त हरणाबाईचा. तिने माझ्यासाठी मागायला नको होतं. देवळात गर्दीत कुणी आपल्याला पुढे करावं आणि पुजाऱ्याने मागे लोटावं, तसं झालं.

दुपारी आत्या हॉस्पिटलमध्ये गेल्या. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हरणाबाई बाजारातून आली. एवढ्यात तिने बाहेर जायला नको होतं. सुगड आणलं होतं. छोटं मातीचं, हळदी-कुंकवाची बोटं ओढलेलं, आत गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, तीळ.

"मॅडम, ववसा घेताय न्हवं?"

आमच्याकडे बायका संक्रांतीला ववसा करतात. एकमेकींना सुगड द्यायचं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. दिलेलं घ्यायचं आणि घेतलं की आपण द्यायचं. एकीकडूनच झाला तर अर्धा राहतो, असं आत्या मानतात. मी मुलींना वर्गात सूर्याचं उत्तरायण शिकवते आणि दर वर्षी ववसाही करते.

"मला वाकवत नाही," मी म्हणाले. "टाके ओढतात."

"वाकू नगा. पडल्या पडल्या पदर फुडं करा तेवढा."

"नंतर बघू."

"सण आज हाय की."

पोपडे आलेली भिंत होती, ती पाहत राहिले. हरणाबाई लगेच गेली नाही. फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला, मग दातांतून ओढलेला एक लांब श्वास. चपला शोधत असावी.


१६ जानेवारी

नानासोंचा आकडा काल वाढला. आज पुन्हा वाढला. लघवी कमी झाली आहे. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तुकडा काढून तपासू.

यांचं उत्तम आहे.

मी पुन्हा पुन्हा विचार करते आहे की चाचण्यांमध्ये माझी चांगली निघाली होती. डॉक्टर म्हणालेही होते, अगदी तरुण मुलीसारखी आहे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आत्यांना आज सांगितलं. आत्या म्हणाल्या, "असंल गं. पर दुसऱ्याच्या रानात रोप कसं लागंल, कुणी सांगावं." आणि मग हळूच, "हरणाबाईची बघ कशी लागली."


१७ जानेवारी

नानासोंच्या शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली आहे. मोठी इंजेक्शनं चालू केली. डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, माझ्यात काही दोष होता का?

"छे हो. किडनी उत्तम आहे. त्यांचं शरीर तिला परकी समजतंय, एवढंच."

एवढंच.

दुसऱ्या खिडकीकडे गेले नाही. काल नाही, आजही नाही. आजारी माणसाला बघायची भीती नाही मला. यांना सुया टोचताना मी सगळं पाहिलं आहे. पण तिथे काचेपलीकडे जे बिघडतं आहे, ते माझं आहे.


१८ जानेवारी

जिन्याच्या वळणावर हरणाबाईने अडवलं. रात्रभर झोपलेली नव्हती.

"मॅडम, एक इचारू? रागावू नगा."

"विचार."

"तुमी रागात दिली व्हय?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. रक्तातल्या पेशी परक्याशी कशा लढतात, औषधं त्यांना कशी आवरतात, दहातल्या एखाद-दोघांना असं होतंच. किडनीला राग-लोभ नसतो, म्हणाले. वर्गात बोलते तसा आवाज लागला होता. खालून येणारा एक माणूस थांबून ऐकायला लागला.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तसं असंल," म्हणाली. "मला त्यातलं कळत न्हाई. माजं बगा कसं हाय. मी सुभेदारांला दिलीच न्हाई. मी मालकांला दिली. मदी वाटंत बदलली तर बदलली. तुमी कुणाला दिली?"

मी खाली थांबलेल्या माणसाकडे पाहिलं.

"आदी तुमी त्या खिडकीवर रोज येत हुता. मला लय राग यायचा. माजा दाल्ला, आन त्यो तुमास्नी बघून हसतोय. मी मुद्दाम आडवी हुबी ऱ्हायची."

"मला कळलं नव्हतं."

"कळलं न्हाई व्हय? एवढ्या शिकलेल्या तुमी." ती हसली नाही. "आन आता का येत न्हाई? आजारी पडली म्हणून टाकली व्हय तिला?"

खालचा माणूस निघून गेला.

"या तुमी," ती म्हणाली. "तुमी आलासा की तिला कळंल. मी सरकती बाजूला."

तिची समजूत चुकीची आहे, हे तिला पुन्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी कुणाला दिली, याचं उत्तरही तेव्हा सुचलं नाही. आता लिहिताना सुचतं आहे. मीही यांनाच दिली होती.


१९ जानेवारी

गेले. हरणाबाई खरोखर बाजूला सरकली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, नानासोंकडे नाही. मी तिथे नक्की काय करते ते तिला पाहायचं असावं. मी काही केलं नाही. नुसती उभी होते. काचेत माझा चेहरा आणि त्यामागे नानासोंचं पोट, असं एकावर एक दिसत होतं.

त्यांनी फोन घेतला नाही. हात थोडा वर केला.


२० जानेवारी

आज बोलले. आवाज बसला आहे.

"ताई, परकं कोकरू मेंढी घेत न्हाई. लाथा झाडती. मग आमी तिला खुट्याला बांधतो, आन कोकराला पाजायला लावतो. रोज. चार-आठ दिस. मग दमती आन घेती."

"नेहमी घेते?"

"न्हाई. कवा कवा न्हाई बी घेत." हाताला लावलेल्या नळ्या त्यांनी उचलून दाखवल्या. "मला बी बांधलंय बगा ह्यांनी."

मी हसले. भिंतीशी हरणाबाई होती, तीही हसली. पहिल्यांदाच दोघी एकाच गोष्टीला हसलो आणि लगेच दोघींनी कुशीवर हात धरला, डाव्या.


२१ जानेवारी

यांना काचेतून काढून साध्या खोलीत हलवलं. आता तोंडाला पट्टी लावून आत जाता येतं. मी पोचले तेव्हा हे खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"कुठं हुतीस?"

"वर. नानासोंपाशी."

"कालबी तिथंच हुतीस."

"हो."

"काय म्हणतोय त्यो?"

"मेंढीची गोष्ट सांगत होते काल."

"हसलीस म्हणं. नर्स सांगत हुती."

मी चहा पुढे केला. यांनी घेतला नाही. तोंडाला चव नसेल. या औषधांनी तसं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

"आन त्यो काय म्हणतोय तुला? ताई?"

"ताईच म्हणतात."

यांनी रिपोर्टचा कागद दाखवला. म्हणाले, "किडनी बरी चाललीया." आज यांनी नाव घेतलं नाही. 'किडनी' म्हणाले. इतके दिवस मी याचीच वाट पाहत होते. पण ऐकल्यावर काहीच झालं नाही.


२३ जानेवारी

नानासोंना आज पुन्हा डायलिसिसवर घेतलं. एकदाच, तात्पुरतं, असं डॉक्टर म्हणतात. आकडा दोन दिवसांत उतरला नाही तर ठेवण्यात अर्थ नाही, असंही म्हणतात. म्हणजे काढून टाकतील. काढलेली किडनी परत कुणाला देता येत नाही. मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही.

हरणाबाई दिवसभर जेवली नाही. आत्यांनी भाकरी पुढे केली तर म्हणाली, "आत्या, माजी तुमच्या घरात नांदतीया. त्यांची आमच्या घरात नांदंना."

आत्यांनी भाकरी झाकून ठेवली. रात्री पडल्यावर वाटलं, हे ती माझ्यासमोर म्हणाली. मुद्दाम नाही. माझ्यावर रागावूनही नाही. तिला एवढंच दिसतं आहे, आणि तिला दिसतं आहे तेवढं खरं आहे. हे जगणार. ते तिच्यामुळे. तिचा माणूस माझ्यामुळे जगेल की नाही, ते काचेपलीकडे ठरतं आहे.

मी तिचा हेवा करत होते. तिच्या साडीचा, वरच्या कप्प्यातल्या काजूंचा. आता तिने माझा करायचा तर तिला पूर्ण हक्क आहे. आणि ती करत नाही. त्याचाही मला हेवा वाटतो.


२५ जानेवारी

सकाळचा नानासोंचा आकडा किंचित खाली आला. किंचितच. नर्स आनंदाने सांगत होती. डॉक्टर अजून काही म्हणत नाहीत. उद्याचा बघू, म्हणाले.

यांना उद्या सोडणार. महिनाभर मिरजेतच राहायचं आहे म्हणून आत्यांनी पलीकडच्या गल्लीत मोठी, स्वच्छ खोली बघितली. दुपारी सामान बांधत होतो. हरणाबाई वर होती. आत्यांनी केरसुणी माझ्या पलंगाखाली घातली आणि काहीतरी घरंगळलं.

सुगड होतं.

हळदी-कुंकवाच्या रेघा तशाच होत्या. बोरं सुरकुतली होती, गाजर काळं पडलं होतं, घाटे वाळून आत दाणे खुळखुळत होते. आत्यांनी ते उचलून माझ्यासमोर धरलं.

"ह्ये कुणाचं गं?"

मी सांगितलं. संक्रांतीच्या दुपारचं सगळं सांगितलं.

पलंग फार बुटका आहे. त्याखाली आतपर्यंत काही सरकवायचं तर आधी गुडघ्यांवर बसायला लागतं, मग हात टेकून पार खाली वाकायला लागतं. तेव्हा तिचे टाके ओले होते. मला वाकवत नाही असं मी तिला सांगितलं, आणि ती वाकली. तो श्वास मी ऐकला होता. चपला, असं लिहून ठेवलं आहे मी.

"म्हंजे तिनं दिला," आत्या म्हणाल्या. "आन तू घेऊन बसलीस."

"मला माहीत नव्हतं."

"आता झालं न्हवं म्हाईत? रथसप्तमी हाय आज. आज दिवस मावळला की संपलं." त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि स्वतःची कुंकवाची डबी माझ्या हातात ठेवली. "जा."

बाजारात सुगडं संपली होती. कुंभाराच्या दारात विचारलं, त्याच्याकडे रांजण होते. शेवटी डबा धुऊन घेतला, दोन कप्प्यांचा, शिऱ्याचाच. बोरं मिळाली, गाजर मिळालं, घाटे भाजीवालीने शोधून दिले. तीळ वाण्याकडे. ऊस कुठेच नव्हता. आमच्या रानात एकरभर ऊस तोडीला उभा आहे, आणि मी रसवंतीच्या गाड्यासमोर उभी राहून एक कांडी मागत होते. गाडीवाला म्हणाला, "एका कांडीचा रस निघत न्हाई, मावशी." म्हटलं, रस नको.

सगळं मी वरच्या कप्प्यात भरलं.

दुसऱ्या मजल्यावर पहिली खिडकी रिकामी होती. आत दिवा बंद, गादी गुंडाळून ठेवलेली. दुसरीपाशी हरणाबाई. मला पाहून नेहमीसारखी बाजूला सरकली. मी काचेकडे गेले नाही. तिच्यासमोर डबा उघडला.

तिने डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. मग कॉरिडॉरच्या टोकाकडे पाहिलं. तिथे ऊन अजून होतं.

"उशीर केलासा," ती म्हणाली, आणि पदर पुढे केला.

मी ओतलं. एक बोर खाली पडलं, ते दोघींपैकी कुणी उचललं नाही. कुंकू लावलं. तिने माझ्याच डबीतून बोट भरून मला लावलं. नंतर पाया पडायचं असतं, एकमेकींच्या. ती थोडी वाकली, मीही वाकले, आणि दोघी मध्येच अडकलो. दोघींचे हात डाव्या कुशीवर.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"राहू दे."

आत नानासो जागे होते. नळ्या लावलेले दोन्ही हात सावकाश वर उचलून त्यांनी जोडले. आम्ही दोघी काचेसमोर शेजारी शेजारी उभ्या होतो. कुणाला जोडले, ते मी पाहिलं नाही.